जंतूला जात कळत नाही

दरवर्षी १० मार्चला आपण ठिकठिकाणी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या प्रतिमेला हार घालतो. त्यांच्या शाळांविषयी, त्यांच्यावर फेकलेल्या शेणगोळ्यांविषयी आपण बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. परंतु सावित्रीबाई कशाने गेल्या, हे आपल्या सभांतून फार थोडे सांगितले जाते. १८९७ साली पुण्यात प्लेगची, म्हणजे गाठीच्या तापाची साथ पसरली होती. सावित्रीबाई आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे समजताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता दुसरी एक तारीख पाहा. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने प्लेगवरची लस तयार करून प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. या दोन घटनांमध्ये बरोबर दोन महिन्यांचे अंतर आहे. लस तेव्हा नुकतीच तयार झाली होती, तिची परीक्षा चालू होती, ती घरोघर पोहोचणे शक्य नव्हते, हे आम्हास मान्य आहे. तरीही या दोन तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. शास्त्र एका ठिकाणी जन्मते आणि माणूस दुसऱ्या ठिकाणी मरतो. शास्त्र आणि वस्ती यांच्यामधले हे अंतर कसे पडते आणि ते कोणी मिटवायचे, याचा विचार आपल्या समाजाने करावा, म्हणून हा लेख.

मरीआईचा गाडा

रोग जंतूंमुळे होतो हे आज शाळेतले पोर सांगते. पण ही माहिती फार जुनी नाही. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा घाणेरड्या हवेमुळे पटकी होते, असे मानीत. आपल्याकडे तर सारा कारभार मरीआईचा. पटकी आली की आईचा कोप झाला. मग कोंबडे-बकरे, लिंबू-नारळ, आणि शेवटी आईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. शेजारच्या गावाने तो पुढच्या शिवेवर ढकलायचा. गाड्यापुढे नाचणारा, अंगावर आसूड ओढून घेणारा पोतराज आपल्याच दलित वस्तीतला, आणि गाडा ओढणारेही आपलेच.

गावाची घाण वाहायची आपण, मेलेली ढोरे ओढायची आपण, सर्वांत खराब पाणी प्यायचे आपण. साथ आली की सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त मरायचेही आपणच. आणि वर गावाने म्हणायचे, महारवाड्यामुळे रोग आला. या सर्व प्रकारात खरे कारण कोणी शोधलेच नाही. कारण शोधणे म्हणजे गावगाड्याच्या मुळाला हात घालणे होते.

तथागत भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले की, कारणाशिवाय काही घडत नाही. कारण दूर केले की त्यापासून होणारी गोष्टही थांबते. जंतुशास्त्राचा सारा इतिहास या एका तत्त्वावर चाललेला आहे, असे आम्हास वाटते.

ढोरांच्या साथीतून पहिला धडा

जंतुशास्त्राचा पाया माणसांच्या रोगावर नव्हे, तर जनावरांच्या रोगावर घातला गेला. काळपुळी, ज्याला डॉक्टर अँथ्रॅक्स म्हणतात, हा रोग युरोपात गुरामेंढरांचे कळपच्या कळप मारीत असे. शेतकरी बुडत होते, लोकर आणि मांसाचा धंदा बुडत होता. तेव्हा जर्मनीतील एका लहान गावचे सरकारी डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी घरातच सूक्ष्मदर्शक यंत्र लावून मेलेल्या जनावरांचे रक्त तपासले. त्यात काडीसारखे जंतू दिसले. ते जंतू त्यांनी वेगळे वाढवले, उंदरांना टोचले, उंदीर त्याच रोगाने मेले, आणि त्यांच्या रक्तात पुन्हा तेच जंतू मिळाले. १८७६ साली त्यांनी हे सिद्ध करून दाखवले. एक रोग आणि त्याचा एक ठरावीक जंतू, असा पुरावा तोपर्यंत कोणी इतका स्पष्ट दिला नव्हता. पुढे १८८१ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी याच रोगाची लस करून भर लोकांसमोर मेंढ्यांना टोचली. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या मेल्या.

कॉख यांनी आणखी एक गोष्ट शोधली. या रोगाचे जंतू प्रतिकूल स्थितीत कडक बीज धरतात आणि ते बीज मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून या रोगाने मेलेले जनावर कापू नये, त्याचे कातडे काढू नये, ते खोल पुरावे किंवा जाळावे, असे पशुवैद्य आजही सांगतात.

वाचकहो, आता आपल्या आजोबा-पणजोबांची आठवण करा. मेलेले ढोर गावाबाहेर ओढून नेणे, त्याचे कातडे काढणे आणि पोटासाठी ते मांस खाणे, हे काम कोणाच्या गळ्यात बांधले होते? १८७६ साली कळलेली गोष्ट आपल्या वस्तीला कोणी सांगितली? कोणीही नाही. ते काम आपल्याकडून धर्म म्हणून आणि वतन म्हणून करून घेतले गेले. १९२७ साली महाडच्या परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत मांस सोडा, ही घाणेरडी कामे सोडा, असे कळकळीने सांगितले. १९३९ साली आपल्याच जिल्ह्यातील हरेगावला त्यांनी महार वतनाविरुद्ध आवाज उठवला. हा मुख्यतः स्वाभिमानाचा लढा होता. पण आरोग्याच्या दृष्टीनेही तो किती मोलाचा होता, हे काळपुळीच्या शोधाकडे पाहिले म्हणजे समजते.

तळ्याचे पाणी कशाने बाटते?

दुसरा धडा पटकीने दिला. पटकी ही मूळची बंगालकडची. जहाजांबरोबर आणि यात्रांबरोबर ती जगभर गेली. १८८३ साली इजिप्तमध्ये मोठी साथ आली तेव्हा कॉख तिथे गेले. साथ ओसरल्यावर ते तिचा माग काढीत कलकत्त्याला आले. १८८४ च्या प्रारंभी त्यांनी पटकीचा जंतू नक्की केला. स्वल्पविरामासारखा वाकडा असा तो जंतू आहे. कलकत्त्याच्या बेलियाघाट भागात एका तळ्याच्या काठच्या वस्तीत माणसे पटापट मरत होती. लोक त्याच तळ्यात कपडे धूत, त्यातच आंघोळ करीत आणि तेच पाणी पीत. कॉख यांना त्या पाण्यात तोच जंतू सापडला. रोग्याची विष्ठा पाण्यात, पाणी तोंडात, असा हा फेरा आहे हे उघड झाले.

आमच्या राज्यकर्त्या इंग्रजांना ही गोष्ट मात्र बरेच दिवस पटली नाही. हिंदुस्थानातले आरोग्य खात्याचे वरिष्ठ अधिकारी पटकी हवा-जमिनीमुळेच होते, असे म्हणत राहिले. पटकी माणसाबरोबर प्रवास करते असे मान्य केले असते, तर हिंदुस्थानातून जाणारी जहाजे बंदरांवर अडकून पडली असती आणि व्यापाराला धक्का बसला असता. शास्त्राचा पुरावा समोर असूनही तो कोणाच्या सोयीचा आहे यावर त्याचे नशीब ठरते, असा हा अनुभव आहे.

आता महाडकडे वळू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळे बाटले म्हणून ते ‘शुद्ध’ केले. कशाने? १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दही, दूध आणि मंत्र! बेलियाघाटच्या तळ्यात पटकीचा जंतू सापडून तेव्हा ४३ वर्षे झाली होती. पाणी विष्ठेने बाटते, माणसाच्या स्पर्शाने बाटत नाही, हे जगाने मान्य केले होते. आणि आमच्या देशात माणूस पाणी प्याला म्हणून त्यात शेण टाकले जात होते. चवदार तळ्याचा सत्याग्रह हा समतेचा सत्याग्रह होता, तसा तो विज्ञानाच्या बाजूचाही होता. आपल्या मुलांना ही बाजूही सांगितली पाहिजे.

मुंबईचा प्लेग

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका रोग्याला तपासून सांगितले की हा प्लेग आहे. मांडवी म्हणजे बंदराजवळचा धान्याच्या वखारींचा भाग. वखारी आल्या की उंदीर आले. या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, जून १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत सापडला होता. अलेक्झांडर यर्सिन आणि किटासाटो या दोघांनी तो स्वतंत्रपणे शोधला. म्हणजे रोगाचे कारण माहीत होते, उपाय माहीत नव्हता.

तेव्हा मुंबईची वस्ती सुमारे सव्वाआठ लाख होती. पाच-सहा महिन्यांत तिच्यातील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. गिरण्या ओस पडल्या. कोकणात, देशावर, सातारा-पुणे-नगरकडे लोक पळाले. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून आपल्या जिल्ह्यातून जाते. त्या काळी माणसे आणि धान्याची पोती जशी रेल्वेने गेली, तसा प्लेगही रेल्वेच्या वाटेने मुलखात शिरला.

शहर रिकामे होत असताना महापालिकेला सर्वांत मोठी भीती कशाची होती? व्यापारी पळाले, वकील पळाले, त्याची नव्हे. मैला उचलणारे हलालखोर आणि झाडूवाले बिगारी पळाले तर काय, ही ती भीती होती. ते गेले असते तर मुंबई चार दिवसांत राहण्यालायक उरली नसती, हे अधिकाऱ्यांनी ओळखले होते. रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याच्या नियमामुळे हे कामगार बिथरतील, म्हणून त्या वेळी नियमही सैल करावे लागले. ज्यांच्या सावलीचा विटाळ होता, त्यांच्या हातांवर सारे शहर उभे होते. इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य आढळत नाही, म्हणून ते आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो.

तूप आणि बकऱ्याचे मांस

सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि एक व्हरांडा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. कारकुनी करणाऱ्या आम्हाला हे वाचून बरे वाटते, की जगातील पहिल्या प्लेगच्या लशीच्या कामात एक कारकूनही होता. त्याचे नाव मात्र कोणी घेत नाही.

हाफकिन यांची युक्ती मोठी मजेशीर होती. मांसाच्या रश्श्यात प्लेगचे जंतू वाढवताना त्यावर ते तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून जंतू वाढत आणि गुहेच्या छतावरून दगडी लोलक लोंबावेत तसे खाली लोंबत. भांडे हलवले की ते तुटून तळाशी बसत आणि वर नवे वाढत. हिंदू-मुसलमान कोणाचीही भावना दुखावू नये म्हणून रश्श्यासाठी त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. अशा प्रकारे वाढवलेले जंतू उष्णता देऊन मारायचे आणि तीच लस. मेलेला जंतू रोग करीत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. मग खरा जंतू आला की शरीर तयार असते.

स्वतःवर प्रयोग केल्यानंतर जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता कैद्यांपैकी जे तयार झाले त्यांना लस टोचण्यात आली. टोचलेल्या सुमारे दीडशे जणांपैकी नंतर दोघे आजारी पडले, दगावला कोणीही नाही. न टोचलेल्या पावणेदोनशे जणांपैकी बारा आजारी पडले आणि सहा मेले. या आकड्यांनी लशीचा उपयोग सिद्ध झाला. त्याआधी १८९४ साली त्यांनी पटकीच्या लशीची परीक्षा घेतली होती ती कलकत्त्याच्या काट्टाल बागान या गरिबांच्या बस्तीत.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. कैदी, बस्तीतले मजूर, रोग्यांची घाण उपसणारे कामगार, यांच्या देहांवर हे शास्त्र उभे राहिले. राजवाड्यांत साथ आली नाही असे नव्हे. पण पुरावा हवा होता तो जिथे माणसे दाटीने राहतात आणि पटापट मरतात तिथे. म्हणून जंतुशास्त्र ही बड्यांची किंवा परक्यांची विद्या आहे असे समजू नका. आपल्यासारख्यांनी तिची किंमत आधीच मोजलेली आहे. तिच्यावर आपला हक्क आहे.

जन्मावरून माणूस जोखला गेला

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळच्या रशियात ज्यू लोकांची स्थिती कशी होती, हे आपल्याला फार समजावून सांगायला नको. धर्म बदलल्याशिवाय विद्यापीठात जागा मिळणार नाही, अशी अट आली. त्यांनी ती नाकारली. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते गेले, तेही प्रारंभी ग्रंथालयात साहाय्यक म्हणून. दिवसा पुस्तके आणि फुरसतीत प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम होता.

मुंबईत यश मिळाल्यावर १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा गेली. पण ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ लोकांना लस टोचली असता एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर ठेवण्यात आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे कागदपत्रांवरून दिसले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. १९०७ साली सर रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून त्यांची बाजू मांडली, तेव्हा कुठे ते निर्दोष ठरले. या अन्यायामागे त्यांचा ज्यू जन्मही होता, असे अनेक अभ्यासकांनी म्हटले आहे. हाफकिन १९३० साली लोझान येथे वारले. त्याआधी, १९२५ साली, परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तीच आजची हाफकिन संस्था. १९३२ साली साहिबसिंग सोखी हे तिचे पहिले भारतीय संचालक झाले.

पिसू आणि चाळ

लस निघाली तरी प्लेग माणसाला कसा होतो हे कळलेले नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. घरे तपासली, छपरे उचकटली, सामानसुमान जाळले, गटारांत कार्बोलिक ॲसिड ओतले. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून बायामाणसांची अप्रतिष्ठा केली आणि त्यातून रँडचा खून झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईत जातीजातींनी आपापली वेगळी प्लेग-रुग्णालये काढली. मरणाच्या दारातसुद्धा जात सुटली नाही! परंतु हे चालू असताना खरा गुन्हेगार भिंतीच्या बिळात बसला होता.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने दाखवून दिले की प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवा वाहून नेतात. उंदीर मेला की भुकेल्या पिसवा माणसावर येतात. त्यांचे कोणी ऐकले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी आणि १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने प्रयोग केले. ज्या खोलीत प्लेगचे उंदीर आणि पिसवा होत्या, तिथे जमिनीलगत ठेवलेल्या पिंजऱ्यातली जनावरे मेली. पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंच टांगलेल्या पिंजऱ्यातली जगली. हवा तीच, खोली तीच. फरक फक्त पिसूच्या उडीचा. सामान जाळून आणि गटारे धुऊन उंदीर फक्त शेजारच्या घरात पळाले होते. जो माणूस जमिनीवर झोपतो, ज्याच्या घराला मातीची भिंत आणि फरशीविना भुई आहे, ज्याच्या उशाला धान्याचे गाडगे आहे, त्याला प्लेग गाठतो. प्लेग जात पाहत नव्हता, घर पाहत होता. आणि घर मात्र जातीवर आणि पगारावर ठरत होते.

या साथीमुळेच १८९८ साली मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जेवढी गरिबांची घरे पाडली तेवढी बांधली नाहीत, ही टीका खरी आहे. तरी कामगारांसाठी त्याने काही पक्क्या चाळी बांधल्या, त्याच बी.आय.टी. चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षे राहिले. त्याच परळमध्ये पिसवांचे ते प्रयोग झाले होते. जगाने ज्यांच्या विद्वत्तेपुढे मान लवविली त्या महामानवाने आपला संसार आणि चळवळ प्लेगच्या साथीतून उभ्या राहिलेल्या चाळीत चालवली.

आपल्या जिल्ह्यात

नगर जिल्ह्याशी सावित्रीबाईंचे नाते आहे. मिस फेरार यांच्या नगरच्या संस्थेत त्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले. त्याच नगर जिल्ह्याची शिरगणती पाहा. १८९१ साली लोकसंख्या ८ लाख ८८ हजार होती, ती १९०१ साली ८ लाख ३७ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, पन्नास हजारांची घट. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ, आणि त्यांच्या मागे रोगराई. पोटात अन्न नाही, एकाच ठिकाणी हजारो माणसे खडी फोडताहेत, पाणी एकच. जंतूला याहून चांगले रान कुठले? प्लेगने एकट्या हिंदुस्थानात पुढल्या काही दशकांत एक कोटीहून अधिक माणसे नेली.

ही जुनी गोष्ट आहे, आता काय त्याचे, असे कोणी म्हणेल. १९९४ साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात उंदीर मरून पडू लागले आणि गाठीच्या तापाचे रोगी आढळले. पाठोपाठ सुरतेत साथ आली आणि लाखो कामगार गाठोडी घेऊन गावाकडे पळाले. २०२० साली कोरोनात तोच देखावा हमरस्त्यांवर दिसला आणि सरकारने काढला तो १८९७ चाच कायदा. प्रत्येक वेळी शहर स्वच्छ ठेवायला मागे राहिले ते सफाई कामगारच.

अंतर मिटवायचे कसे?

आज प्लेगवर औषधे आहेत. देवीचा रोग जगातून गेला, पोलिओ देशातून गेला. मग आपल्या वस्तीत आज कोण मरतो? क्षयाचा रोगी. क्षयाचा जंतू याच कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पोषणासाठी रोग्याला दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. तरी माणूस खोकत घरी बसतो, अंगारा लावतो, दोन महिने गोळ्या खाऊन बरे वाटले की सोडतो. शास्त्र आणि वस्ती यांच्यामधले ते जुने अंतर अजून मिटलेले नाही.

काही अंतर सरकारने मिटवायचे आहे. स्वच्छ पाणी, पक्की घरे, संडास आणि सफाई कामगाराला संरक्षण, हे मागून घ्यावे लागेल आणि त्यासाठी संघटित व्हावे लागेल. पण काही अंतर आपण घरात, विहारात मिटवू शकतो. आमच्या भगिनींसाठी पुढील गोष्टी सांगतो.

दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. औषध साधारण सहा महिन्यांचे असते. डॉक्टर सांगतील तोपर्यंत एकही दिवस न चुकवता ते पुरे करा. क्षय झालेल्या सुनेला माहेरी धाडू नका.

पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळून घ्या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी पाटाचे पाणी तसेच पिऊ नये. मुलांचे लसीकरणाचे कार्ड बरोबर ठेवावे, कारखान्याच्या गावी पुढचा डोस घेता येतो.

हगवण-पटकीत माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाईन संपल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो प्राण वाचवले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चहाचा चमचा घ्यावा. हे पाणी पाजत राहा आणि दवाखाना गाठा. मीठ जास्त होऊ देऊ नका.

घरात उंदीर एकाएकी मरून पडू लागले तर हात न लावता ताबडतोब आरोग्य केंद्रात कळवा. जनावर अचानक मेले आणि नाकातोंडातून काळे रक्त आले तर ते कोणी कापू नये, पशुवैद्यास बोलवावे.

विनयपिटकात एक कथा आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कोणी जवळ जात नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचावर ठेवले. मग संघाला सांगितले की रोग्याची सेवा हीच माझी सेवा समजा. भिक्खूच्या आठ वस्तूंत पाणी गाळण्याचे फडकेही असते. आपला धम्म हा असा हात धुणारा, पाणी गाळणारा आणि रोग्याजवळ जाणारा धम्म आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. १० मार्च आणि २४ मार्च या तारखा दोन आठवड्यांच्या अंतराने येतात. पहिल्या दिवशी विहारात सावित्रीबाईंना अभिवादन करा. त्याच सभेत वस्तीतील खोकणाऱ्या माणसांची यादी करा आणि दुसऱ्या तारखेपर्यंत त्यांतील प्रत्येकाला बरोबर घेऊन आरोग्य केंद्रात जाऊन या. महिला मंडळाने हे काम अंगावर घेतले तर आमच्या मते तेच सावित्रीबाईंचे खरे स्मारक होईल.

जयभीम!